पेव फुटलं

आमच्या शेजाऱ्याच्या स्लॅबवर ३ किलोवॉटचं सोलर बसलं आणि त्याच आठवड्यात, मे महिन्यातल्या भर दुपारी, लाइन गेली. वर ४५ अंशांचं ऊन पॅनेलवर ओतत होतं आणि खाली कूलर मुका. शेजारी गच्चीवर जाऊन आला, इन्व्हर्टरला दोन थापा मारून झाल्या, मग बसवून देणाऱ्याला फोन लावला. तिकडून थंड आवाजात उत्तर आलं, "भाऊ, लाइन गेली का हे बी बंद होते. तसंच असते ते."

आणि खरंच तसंच असतं. लाइन दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ग्रिड पडली की असा इन्व्हर्टर आपणहून गप्प होतो. नियम शहाणाच आहे. फक्त ३ किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी सांगताना हा शहाणपणा कुणाच्या तोंडून निघत नाही, आणि केंद्राच्या या 'सूर्यघर' योजनेत बॅटरीला छदामही नाही हेही कुणी सांगत नाही. तेव्हा आपली स्वयंपूर्णता अशी, की दिवसा वीज महावितरणकडे ठेवायला द्यायची आणि रात्री परत मागायची. धान्य सावकाराच्या कोठारात आणि आपण मात्र बागायतदार!

आजोबांच्या पिढीत धान्य पेवात असायचं. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी आणि तोंडावर माती. खाली ना उन्हाळा पोचायचा ना पावसाळा. पेवं बुजली आणि शब्द तेवढा उरला. सध्या वर्धा जिल्ह्यात सोलरवाल्यांचं पेव फुटलंय, ते हेच. साठवण सोडून सगळं मिळतं.

शेजाऱ्याने मग बॅटरीचा भाव काढला. १२ व्होल्टची, १५० एएचची. कागदावर १.८ युनिट, पण लेड ॲसिडची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात ०.९. कूलर तिच्यावर चार तास चालतो. दीड टनी एसी पाऊण तासही नाही. वर तिला गरमी सोसत नाही: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात २५ अंश कुठून आणायचे, हे त्या कोटेशनमध्ये नव्हतं.

ते सेवाग्रामला मिळतात असं नाही म्हणत, पण बापू कुटीत भर उन्हात पाय ठेवून बघा. ३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे ऐन वैशाखात, गांधीजी इथे आले तेव्हा हे शेगाव होतं. (टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.) मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, वाऱ्याला वाट. जाड मातीची भिंत दुपारचं ऊन लगेच आत सोडत नाही. आत पोचेपर्यंत दिवस कलतो आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. ही बॅटरीच झाली, उलट्या कामाची. पाणी घाला, चार्ज करा, काही नाही. फक्त वर्षाकाठी सारवण.

आता कुणी म्हणेल, मग जमिनीतच घर बांधू. काही मीटर खाली वर्षभर एकसारखा गारवा असतो हे बरोबर. पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्या पोटात भिंत उभी करणाऱ्याला ती वर्षभरात हिशेब दाखवते. जुन्या माणसांनी म्हणूनच शेताला काळी म्हटलं आणि गावाला पांढरी. घराची माती वेगळी, पिकाची वेगळी. १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथल्या माणसांनी मातीची आणि कुंभाराच्या कवेलूंची घरं नव्या हिशेबाने उभी करून दाखवली. लोक बघायला गेले, छान म्हणाले, परत येऊन स्लॅब टाकला.

का नाही टाकणार? सरकारी फॉर्मात मातीची भिंत म्हणजे कच्चं घर आणि संध्याकाळी सातलाही हात ठेवता येत नाही तो स्लॅब पक्का. या मापाने बापू कुटीतल्या माणसालाही घरकुलाच्या यादीत घालावं लागेल.

शेजाऱ्याने शेवटी बॅटरी घेतलीच. बसवणारा म्हणाला, घरातल्या थंड जागी ठेवा. दोघांनी नव्या बंगल्याच्या चारही खोल्या फिरून पाहिल्या. मग बॅटरी गेली मागच्या जुन्या मातीच्या खोलीत, जिथे त्याचे बाबा एप्रिलपासून खाट टाकून आहेत. बाबांनी खाट हलवली नाही. बॅटरीच खिडकीशी सरकवायला लावली आणि खिडकी सताड उघडून ठेवली.

"पेव असो का हे," म्हणाले, "पयले वारा खेळू द्यावा लागते. नाहीतर आत उतरलेला माणूस वर येत नाही."