श्रीयुत हरभरेराव यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत हरभरेराव,
थप्पीतला वरून दुसरा थर, पत्र्याचे गोदाम, पुसद, जि. यवतमाळ.

विषय : आपल्या उन्हाळी मुक्कामाची व्यवस्था उत्तम ठेवल्याबद्दल अभिनंदन करणेबाबत.

महोदय,

आपल्या झाडावर आजवर अनेकांना चढवण्यात आलं. आज खुद्द आपल्यालाच चढवायचं आहे आणि त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही, ही मोठी सोय. पुसदच्या मे महिन्यात आपल्याइतकी काळजी दुसऱ्या कोणाचीही घेतली जात नाही. शेतातून निघून आपण बाजार समितीच्या ओट्यावर आलात, आपला लिलाव झाला. किंवा हमीभाव केंद्रावर गेलात. तिथे 2025च्या हंगामात क्विंटलला 5,650 रुपये असा आपला मान दिल्लीहून ठरून आलेला होता. मग बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडू लागलं तेव्हा आपण सावलीला, गोदामात स्थानापन्न झालात.

आपली बैठक थेट फरशीवर नसते. जमिनीची ओल आपल्याला बाधते, म्हणून खाली लाकडी फळ्या घालतात. भिंतीची ओलही बाधते, म्हणून थप्पी भिंतीला टेकवत नाहीत, मधून माणूस फिरेल एवढी वाट सोडतात. त्या वाटेने येणारा माणूस पोकळ सळई खुपसून कट्ट्यातून मूठभर दाणे काढतो, यंत्रात घालतो आणि अंगात ओलावा किती ते वहीत लिहितो. आपले भाऊबंद सोयाबीन यांच्या बाबतीत तर हा प्रश्न केंद्र सरकारपर्यंत गेला होता. हमीभावाने खरेदी व्हायची तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, ही अट. नोव्हेंबर 2024मध्ये, राज्यात विधानसभेचा प्रचार रंगात असताना, ती 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली. तीन टक्के पाण्यासाठी दिल्लीतून आदेश निघाला. थप्पी लावणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी दुपारपर्यंत किती टक्के उरलं, हे बघणारं यंत्र मात्र अजून कुठल्या केंद्रावर बसवलेलं नाही.

आणि आपली पत! बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत आपल्याला गोदामात ठेवलं की आपल्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, तेही 6 टक्के व्याजाने. 2007च्या वखार कायद्याने तर नोंदणीकृत गोदामाची पावती हातोहात विकता येईल अशी केली. म्हणजे आपण नुसते बसलेले असता आणि आपला कागद बाजारात फिरून येतो. आपल्याला वाहून आणणाऱ्या पाठीवर कोणतीही बँक छदाम देत नाही.

आजारपणाचंही तसंच. भुंगा लागला की आपल्यावर ताडपत्री घालून, कडा वाळूच्या लांबट पिशव्यांनी दाबून, आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यातून फॉस्फिन वायू निघतो. पाच-सात दिवस आपल्याला कोणी हात लावत नाही. पगारी रजा म्हणावी तर आपल्याला पगार नाही. पण सक्तीची विश्रांती म्हणायला हरकत नाही.

त्या भुंग्याबद्दलही एक शब्द. तीसेक अंशांत तो जोमात असतो, अंडी घालतो, पिढ्यामागून पिढ्या काढतो. पारा 35च्या वर गेला की मंदावतो आणि चाळिशीच्या पुढे त्याची वाढच थांबते. कृषी विद्यापीठांत हे शिकवलं जातं, परीक्षेत विचारलं जातं. 40 अंशांनंतर काम बंद ठेवणारा गोदामातला हा एकमेव कामकरी. आणि त्याला कोणी कामचुकार म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

आता ज्याच्या खांद्यावरून आपण आलात त्याच्याकडे वळू. बाजारात त्याला हमाल म्हणतात, कागदावर माथाडी कामगार. पन्नास किलोचा कट्टा, दहा टनांचा ट्रक, म्हणजे दोनशे कट्टे. पाच जणांची टोळी असेल तर वाट्याला चाळीस कट्टे, दोन टन. हे एका गाडीचं झालं. एक गाडी खाली होते तोवर दुसरी दारात लागलेली असते, तिच्या ड्रायव्हरला नांदेड गाठायची घाई असते आणि मुकादमाच्या आवाजात ती घाई उतरते. मजुरी नगावर. जेवढे कट्टे, तेवढे पैसे. त्यामुळे ‘दमलास तर बस की थोडा’ हे वाक्य गोदामात कोणीही मोठ्या मनाने म्हणू शकतो. बसण्याचा खर्च बसणाऱ्याच्याच खिशातून जातो.

पत्रा तापतो म्हणजे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आपण त्याच्या खालीच आहात. वर्तमानपत्रात ‘यवतमाळ 44 अंश’ असं येतं, तो आकडा हवामान खात्याच्या पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीतला असतो. त्या पेटीत ऊन शिरत नाही, वारा खेळतो, आणि ती मोकळ्या जागेत माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर उभी असते. हमाल त्या पेटीत काम करत नाही. तो फळीवरून चढत थप्पीच्या माथ्यावर जातो, जिथे पत्रा डोक्याशी येतो, सगळी गरम हवा येऊन साठते आणि बारदानाची धूळ घामावर बसते. थर जसजसा वर जातो तसतसा हमालाचा मे महिनाही वाढत जातो. तळाचा थर लावताना एक उन्हाळा, माथ्याचा लावताना दुसरा. माणसाच्या शरीराचं तापमान 37. आतून ते 40 झालं की डॉक्टर उष्माघात म्हणतात. मधे तीनच अंश. सोयाबीनच्या ओलाव्यात जेवढी सवलत मिळाली, नेमकी तेवढीच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019मध्ये एक अहवाल काढला. मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या माणसाची ताकद 33-34 अंशांनाच निम्म्यावर येते, असं त्यात म्हटलं आहे. पन्नास किलो पाठीवर घेऊन फळी चढणं हे मध्यम कष्टात बसत नाही आणि पुसदला मे महिन्यात 33 अंश सकाळच्या चहाबरोबरच येतात. हमालांनी हा अहवाल वाचलेला नाही. त्यांनी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, खिशात कांदा ठेवला आणि ‘उन्हाळी लागली’ एवढंच घरी सांगितलं.

बायांचं आणखी निराळं. सांडलेला माल गोळा करणाऱ्या, चाळणीवर मातेरं काढणाऱ्या बाया पाणी कमी पितात. पाणी नसतं म्हणून असं नव्हे. पाणी प्यायलं की जायला जागा लागते म्हणून.

महोदय, आपण पुसदचे पाहुणे आहात, म्हणून गावाची थोडी ओळख. गहुली हे इथलंच गाव. वसंतराव नाईक तिथले. पुसदला वकिली केली, 1946मध्ये नगराध्यक्ष झाले, पुढे 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री. त्यांचा 1 जुलै हा जन्मदिवस कृषिदिन म्हणून साजरा होतो. संकरित ज्वारीची, हरितक्रांतीची आठवण निघते. निघावीच. पण त्यांच्याच कारकिर्दीत 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला, ही आठवण त्यांच्याच तालुक्यात फारशी निघत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं होतं, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत 1950च्या दशकापासून उभी होती. रोज मालक बदलणाऱ्या माणसाला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि भरपगारी सुट्टी मिळू शकते, हे या राज्याने कायद्यात लिहून दाखवलं. त्या कायद्याच्या उद्देशात आरोग्य आणि सुरक्षितता हे शब्दही आहेत. आपला कट्टा पन्नास किलोचा आहे, तोसुद्धा आपोआप झालेला नाही. पोतं म्हणजे क्विंटल असा हिशेब होता. शंभर किलोचं ओझं माणसाच्या पाठीवर देऊ नका म्हणून हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

म्हणजे किलोचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. अंशांचा प्रश्न दाराबाहेर राहिला.

1948च्या कारखाना कायद्यात भिंती आणि छत असं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं कलम 13 सांगत होतं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी द्या, असं कलम 18. आदर्श नियमांत ओल्या बल्बच्या तापमापकाचा 30 अंश हा आकडाही दिला होता, तोही फरशीपासून दीड मीटर उंचीवर मोजलेला. छान होतं सगळं. फक्त गोदाम हा कारखाना नव्हे. तिथे काही तयार होत नाही. घाम तयार होतो, पण तो उत्पादनाच्या व्याख्येत बसत नाही. त्या कायद्याच्या जागी 2020ची नवी कामगार सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली. तिच्यात कारखान्यापलीकडच्या आस्थापनाही येतात. हवा, तापमान, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह यांचा उल्लेखही आहे. आस्थापना धरायची ती साधारणपणे दहा कामगारांपासून. टोळीत माणसं पाच.

कोणी म्हणेल, मोठ्या शहरांतल्या चकचकीत गोदामांत असं नसेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ॲलनटाउनजवळ ॲमेझॉनच्या गोदामात 2011च्या उन्हाळ्यात कामगार भोवळ येऊन पडत होते. तिथल्या ‘मॉर्निंग कॉल’ या वृत्तपत्राने बातमी दिली की, कंपनीने दाराशी रुग्णवाहिका उभी ठेवण्याची सोय केली होती. म्हणजे पडण्याची सोय आधी झाली. बातमीचा गाजावाजा झाल्यावर गोदामांत वातानुकूलनासाठी कोट्यवधी डॉलर निघाले. तेरा वर्षांनी, 2024च्या उन्हाळ्यात, हरियाणातल्या मानेसरच्या गोदामातून बातमी आली: 24 फुटी सहा ट्रक खाली होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेतली गेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. पुसदच्या गोदामात अशी शपथ कोणी देत नाही. नगावर मजुरी असली की शपथेची गरज पडत नाही.

अकोल्यात मे 2024मध्ये पारा 45च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं. शिकवणीवर्गांच्या वेळा बदलल्या, कामगारांना पाणी आणि सावली द्या, असं आस्थापनांना बजावलं. जमावबंदीचं कलम उन्हाला लावलं म्हणून थट्टा सुचते. थट्टेत एक गोष्ट मागे पडते: ठरवलं तर आदेश निघतो. फक्त तो मेअखेरपर्यंतच होता आणि पुसद दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

तेलंगणाने 2023मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. त्याचा गाभा एवढाच की छत पांढरं करा, ऊन परत पाठवा. पत्र्यावर पांढरा लेप देणं हा आपल्यासारख्या मानी पाहुण्याच्या लिलावातल्या एका चढ्या बोलीपुढे किरकोळ खर्च आहे. छत पांढरं होईतोवर, हरभरेराव, आपली पत वापरून बाजार समितीच्या सभापतींकडे, गोदाममालकांकडे आणि व्यापाऱ्यांकडे एक शब्द टाका. आपलं ऐकतील, आपण तारण आहात. एक तापमापक थप्पीच्या माथ्याशी टांगावा आणि त्याचा आकडा ओलाव्याच्याच वहीत, शेजारच्या रकान्यात लिहावा. एप्रिल आणि मे महिन्यांत गाड्या पहाटे सहाला लावाव्यात, अकरा ते चार थप्पीचं काम बंद ठेवावं. त्या पाच तासांची हमाली बुडू नये म्हणून उन्हाळ्यापुरता नगाचा दर वाढवून द्यावा; तेवढं केलं नाही तर बाकी सगळं कागदावरच राहील. बायांसाठी दार लागणारं, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह बांधावं.

कळावे.

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी : जिल्हाधिकारी, यवतमाळ; कामगार विभाग; कृषी उत्पन्न बाजार समिती, पुसद. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) 25 मेच्या सुमारास सुरू होतो. कार्यवाही त्याआधी अपेक्षित आहे.