डोक्यावरची जहागीर

बंगळूर, होसकोटे, कोलार ही शहाजीराजांची जहागीर. आता इकडे येणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला फ्लॅटचे हप्ते आणि बोअरचं पाणी येतं, आणि डोक्यावरची जहागीर तेवढी हळूहळू खालसा होते. सगळा आरोप पाण्यावर. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण कपाळावरून केस मागे सरकतात ते बहुधा वाडवडिलांच्या आणि हार्मोन्सच्या कृपेनं. पाण्याला दोष दिला की घरात भांडण होत नाही, एवढंच.

हल्ली केसगळतीवर कोलॅजेनची पूड निघाली आहे. आमच्या सोसायटीतले एक कट्टर शाकाहारी काका ती रोज कॉफीत ढवळून घेत. ती जनावरांच्या कातड्यापासून नाहीतर माशांच्या खवल्यांपासून करतात, हे कळल्यावर काकांनी कॉफीच सोडली.

खरी गंमत पुढेच. केस कोलॅजेनचा नसतोच, तो केराटिनचा. पोटात गेलेल्या पुडीची अमिनो आम्लं आणि बारीक पेप्टाइड होतात. ती कुठं लावायची ते शरीर ठरवतं. डब्यावर काय छापलंय, हे जठराला वाचता येत नाही. या पुडीनं केसगळती थांबते याचा भक्कम पुरावा अजून तरी नाही. होसकोट्यात रविवारी पहाटे मटणाच्या दम बिर्याणीसाठी रांगा लागतात. हाडांतून शिजून उतरतं ते जिलेटिन म्हणजे मूळचं कोलॅजेनच. त्या रांगेत टकलेही पुष्कळ दिसतात.

बरं, जास्त खाल्लं की जास्त उगवतं, असंही नाही. 2024 च्या अखेरीस बुलढाण्यातल्या शेगाव परिसरात लोकांचे केस पुंजक्यांनी गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते गव्हातल्या जादा सेलेनियमवर. केसांसाठीच्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम घातलेलं असतं!

दिवसाला 50 ते 100 केस गळतातच. डेंगी-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते आणि बहुतेकदा आपोआप थांबते. तरी काळजी वाटली तर डब्याआधी रक्त तपासा, लोह आणि थायरॉइड बघा, त्वचेच्या डॉक्टरांना डोकं दाखवा. एवढं करून पैसे उरले तर बिर्याणी खा, शाकाहारी असाल तर उसळ खा. प्रथिनं दोन्हींत आहेत, आणि केस उगवून देण्याचं वचन दोन्हीही देत नाहीत.