एका जबड्याच्या वतीने, श्रीमान खर्रा यांस

श्रीमान खर्रासाहेब,
मुक्काम : कुठलाही पानठेला, जिल्हा चंद्रपूर अथवा गडचिरोली.



पत्ता मुद्दामच मोघम लिहिला आहे. पत्र मूलच्या बसस्टँडवर टाकलं तरी पोहोचेल, ब्रह्मपुरीला टाकलं तरी पोहोचेल, आणि अहेरीच्या पुढे मोबाइलची रेंज संपते तिथेही तुमचा माणूस फळी मांडून बसलेला असेलच. एसटी दिवसातून एकदाच जाते अशा गावातही सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून तुम्ही सकाळ-संध्याकाळ ताजे घोटले जाता. सरकारी औषधांना हे अजून जमलेलं नाही.

पत्रास कारण की, माझ्या धाकट्या भावाच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. त्यात सिंहाचा वाटा तुमचा, तेव्हा चार शब्द आभाराचे लिहिणं भाग आहे.

भाऊ राईस मिलमध्ये हिशेब बघतो. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून तुम्ही सोबतीला आलात, दिवसपाळीलाही थांबलात आणि शेवटी दात घासायच्या आधी हजेरी लावू लागलात. आम्हा घरच्यांना तुमची कर्तबगारी कळायला वेळ लागला. आधी त्याला तिखट झोंबायला लागलं. सावजी रस्सा वाटीने पिणारा माणूस वरणातली मिरची बाजूला काढायला लागला. मग गुपचूपची, म्हणजे पाणीपुरीची, पुरी तोंडात जाईना. तो ती बशीत फोडून चमच्याने खायचा आणि अशीच जास्त चांगली लागते म्हणून आम्हालाच पटवायचा. पुढे जांभई अर्ध्यावर अडायला लागली. "तोंड काहून उघडत नाई बा याचं?" असं आई विचारायची. "अक्कलदाढ येऊन राहिली," हे त्याचं ठरलेलं उत्तर. चाळिशीत आलेला माणूस तीन वर्षं एकच अक्कलदाढ काढत होता, आणि आम्ही लवंगेचं तेल पुरवत होतो.

नागपूरला डॉक्टरांनी तोंडाला मोजपट्टी लावली. निरोगी माणसाचं तोंड वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं. घरच्या घरी मोजायचं तर स्वतःची तीन बोटं उभी धरून आत घालून बघायची. भावाचं माप भरलं ११. करंगळीही दारातच अडली. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. खाटेची सुतळी ताणून बांधावी तसे पट्टे लागले हाताला, दोन्ही बाजूंना, उभेच्या उभे.

या दुखण्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. इथे तुमच्या एका जोडीदाराचं खास कौतुक करायला हवं. लोक तुमचं नाव निघालं की तंबाखूला शिव्या घालतात, पण जबडा आवळायचं काम मुख्यत्वे सुपारीचं. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या आतल्या नाजूक थराला डिवचत राहतं, तिथे कोलॅजनचे धागे जास्तीचे तयार होतात, आणि तिच्यातलंच तांबं ते धागे एकमेकांत असे गुंतवायला मदत करतं की शरीराला ते पुन्हा विरघळवता येत नाहीत. तंबाखू आणि चुना आहेतच हातभार लावायला. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांच्या तोंडात हा प्रकार पाहिला आणि लगेच पुढच्या वर्षी आपल्याकडे डॉ. एस. जी. जोशींनी त्याची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट लिहून टाकलं की तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो. तरी पूजेच्या तबकात ती गणपती होऊन बसते. असा वशिला कोणाला मिळतो?

ऑपरेशनच्या दिवशी पहिली अडचण भूल देणाऱ्यांची. श्वासाची नळी तोंडातून घालायची तर तोंड उघडायला हवं. म्हणून ती नाकातून, दुर्बिणीच्या आधाराने, रुग्ण जागा असतानाच घातली. मग गालांतले पट्टे कापले, अक्कलदाढा काढल्या (तीन वर्षांच्या बोभाट्यानंतर एकदाच्या निघाल्या बिचाऱ्या), आणि खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्हीकडे वर जे टोक असतं तेही कापलं, कारण त्याला धरून बसलेला स्नायू सुटल्याशिवाय जबडा मोकळा होत नाही. गालाच्या आत उघड्या पडलेल्या जखमेवर लावायला नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी वळवून आत घेतली.

या कातडीची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुम्ही स्वतः शोधून काढली असती तर जाहिरात केली असती. पुरुषाच्या नाकाशेजारची कातडी म्हणजे दाढी-मिशीचा प्रदेश. ती तोंडात गेली तरी आपला धर्म सोडत नाही. माझ्या भावाच्या गालाच्या आत दाढी उगवते, साहेब. आधी जिभेला काही टोचतं म्हणून तो टाका समजत होता. डॉक्टर म्हणाले, केस आहेत, कापत जाऊ, पुढे कमी होतील. बाहेरची दाढी तो न्हाव्याकडे करतो आणि आतली दवाखान्यात.

पुण्याला आमच्या नात्यातल्या एका मुलीचा जबडा पुढे होता म्हणून तिनेही ऑपरेशन करून घेतलं. तिला रबर लावून दात एकमेकांवर बसवून ठेवले होते, तोंडाला विश्रांती, पातळ खाणं, आराम. मी त्याच समजुतीत होते. भावाच्या बाबतीत सगळं उलटं. टाके ओले असतानाच व्यायाम सुरू, कारण कापलेल्या जागी जखम भरताना पुन्हा आकसते, आणि भरत्या जखमेला रोज ताणलं नाही तर काही महिन्यांत जबडा होता तिथे परत येतो. टेबलावर तोंड ३८ मिलिमीटर उघडलं होतं. ते श्रेय सर्जनचं. तिथून पुढचा प्रत्येक मिलिमीटर घरच्यांनी राखायचा.

तर तुमच्या माहितीसाठी आमची सकाळ. भाऊ छपरीत लाकडी खुर्चीवर बसतो. हिस्टर नावाचं स्टीलचं एक अवजार आहे, दोन चपट्या पात्यांचं आणि मध्ये स्क्रू. पात्यांना गॉज गुंडाळून भावजय ती त्याच्या दाढांमध्ये सरकवते आणि स्क्रू फिरवते. पूर्ण आटा नाही, अर्धा. त्याची मान खुर्चीच्या पाठीला टेकते, डाव्या डोळ्यातून पाणी येतं (उजव्यातून कधी येत नाही, का ते माहीत नाही), आणि मांडीवर तळहात आपटला की थांबायचं, असं त्या दोघांचं ठरलेलं आहे. तो आपटतो. ती थांबते, मनात आकडे मोजते आणि आणखी पाव आटा देते. मग तो तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर, खर्रासाहेब, खरी तुमच्या वाट्याची आहे. चुकून तिला मिळते. मग बाजू बदलायची. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, झोपायच्या आधी पुन्हा. पुतणी आपल्या कंपासमधली पट्टी आणून माप घेते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. पूर्वी त्या चौकोनांत दुधाचा हिशेब असायचा.

खाण्याचं सांगू? पहिले काही दिवस नाकातल्या नळीतून. मोठ्या सिरिंजने दूध, वरणाचं पाणी, गाळून घेतलेली आंबील. आईने एकदा नळीतून घालायला झिंग्यांचा रस्सा गाळून आणला होता, मोठ्या प्रेमाने; नर्सबाईंनी तो वाटीसकट परत पाठवला. नळी निघाल्यावर पेज, मग मऊ भात. तिखट अजून नाही. विदर्भात जन्मलेल्या माणसाला बिनमिरचीच्या ताटासमोर बसवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. तुमचं सगळं चवीवरच चालतं, पण दुसऱ्याची चव घालवून.

आता हिस्टरच्या जोडीला आईस्क्रीमच्या काड्या आहेत. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी त्यांचा गठ्ठा मिळतो. दातांमध्ये जेवढ्या बसतील तेवढ्या एकावर एक बसवायच्या, मग हळूच आणखी एक दामटायची. रात्री जितक्या बसल्या होत्या तितक्या सकाळी बसतीलच असं नाही. झोपेत जबडा आपला जुना करार पाळतो. एखादी काडी कमी पडली की त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. हे किमान सहा महिने चालणार, आणि त्यानंतरही पूर्ण थांबवायचं नाही.

आणि तोंड उघडलं म्हणजे तुमच्या तावडीतून सुटला असंही नाही. केरळात या रोगाच्या रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली होती. त्यांच्यातल्या शेकडा सात-आठ जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनने पट्टे कापले जातात, ती शक्यता कापली जात नाही. म्हणून दर काही महिन्यांनी टॉर्च लावून गाल तपासून घ्यायचे, जन्मभर. एवढी दीर्घ सोबत नवरा-बायकोतही विरळाच.

आता तुमच्या कायदेशीर चातुर्याबद्दल. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद झाला, पाठोपाठ सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही बंदी आली. तुम्हाला ज्या पन्नीत बांधतात तसल्या प्लॅस्टिकवर २०१८ मध्ये आली. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांत विकायचीच नाही, हा कायदा तर २००३ चा. म्हणजे आतल्या मालावर बंदी, बाहेरच्या वेष्टनावर बंदी, दुकानाच्या जागेवर बंदी आणि कोवळ्या गिऱ्हाइकांवर बंदी. एवढं सगळं एकत्र घोटलं की तयार होणारी वस्तू मात्र चौकाचौकात राजरोस. नागपुरातल्या सडक्या सुपारीचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत आणि सीबीआयपर्यंत पोहोचलं. तुमच्या भावात दोन रुपयांचा फरक पडला नाही.

दारूचंच बघा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात २०१५ ला झाली, २०२१ ला उठली. केवढे मोर्चे, केवढी भाषणं, केवढ्या निवडणुका तिच्यावर झाल्या! तुम्ही मात्र दारूच्या सावलीत बसून शांतपणे धंदा केलात. दारुड्या नवऱ्याला बायका चोपतात; खर्रा खाणाऱ्याला त्याच बायका म्हणतात, निदान पीत तरी नाही. आणि कित्येकदा त्याच पन्नीतून चिमूटभर स्वतःही उचलतात. रोवण्याला बाया सांगताना मजुरीबरोबर खर्रा ठरतो. तेरवीला आलेल्याला पाण्याच्या आधी खर्रा पुढे होतो. कचेरीत कागद पुढे सरकायला तुम्ही लागता, आणि पैसे घेत नाही असं सांगणारा बाबूही तुम्हाला नाही म्हणत नाही. या जंगलात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचा तुमच्याइतका सोपा मार्ग नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पन्नी पुढे केली की ओळख झाली. पुढे त्या ओळखीतल्या एकाचं तोंड बोलायपुरतंही उघडत नाही, हा भाग वेगळा.

सगळेच तुमच्या प्रेमात नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गडचिरोलीत २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम सुरू झाली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट मिळून. कितीतरी गावांनी ठराव करून तुमची विक्री बंद पाडली. बायका ठेल्यावर जातात, माल बाहेर काढतात, चौकात होळी करतात. तिथून तुम्ही शेजारच्या गावात सरकता आणि थोडे दिवस किराणा दुकानात साबणाच्या खोक्यामागे राहता, असं ऐकते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भाऊ घरी आल्यावर एक दिवस मी सहावी-सातवीच्या पोरांना सहज म्हटलं, तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घालून दाखवा. खेळ समजून सगळे हसत होते. मागच्या बाकावरचा एक जण हसला नाही. त्याची दोनच गेली. तिसरं घालायला तो जोर लावत होता, कान लाल झाले होते, आणि मी बघतेय हे कळल्यावर त्याने बोटं काढून चड्डीला पुसली. बारा वर्षांचं पोर आहे. शाळेच्या फाटकातून तुमचा ठेला दिसतो; शंभर यार्ड मोजायला मला टेपसुद्धा लागली नाही.

त्याच्या आईला भेटून आले आहे, तालुक्याच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यात घेऊन जाते आहे. या अवस्थेत थांबवलं तर हिस्टरची वेळ येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परिपाठानंतर सगळ्या शाळेची तीन बोटांची तपासणी घ्यायचं ठरवलं आहे. नावं कुठेही जाणार नाहीत, आकडा मात्र जाईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पाचवा विषय आपला आहे, रस्त्याच्या मुरमानंतर आणि घरकुलांच्या यादीच्या आधी. सरपंच स्वतः तुमचे जुने स्नेही, त्यामुळे विषय शेवटी ढकलायचा प्रयत्न होईल. बचत गटाच्या बाया ते होऊ देणार नाहीत. त्यांच्यातल्या दोघींच्या घरी आमच्यासारखीच आईस्क्रीमच्या काड्यांची खरेदी सुरू झाली आहे.

आपली बाजू मांडायला आपण जातीने यावं. सभा दुपारी दोनला, समाजमंदिरात. फक्त येताना पन्नी सोडून या, तिथली नाली आधीच तुमच्याच पन्न्यांनी तुंबली आहे.

आपली,
एका मास्तरणीची सही