सिमेंटातली माणसं

रोह्याहून एसटीने अलिबाग गाठायचं आणि तिथून रेवसच्या रस्त्याला सासवणे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं गाव. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. सासवण्यात मात्र भेटतात ती गावची माणसं, कोळीण, गुरंढोरं, आणि त्यातलं पुष्कळसं चक्क सिमेंटात. संगमरवर नाही म्हणून कुणाचा चेहरा घडवायचा राहिला नाही. तिथल्या मासेवालीसमोर उभा राहिलो की मला रोह्याच्या बाजारातली ओळखीची मान दिसते, टोपलीच्या ओझ्याने ताठ झालेली.

रोह्याजवळच्या आमच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीतही सिमेंट भरपूर ओतलंय. शेड, टाक्या, गटारं, कुंपणं. त्यात माणूस एकही नाही. तीन पाळ्यांत रसायनं हाताळणाऱ्यांचे हात कुणी घडवले नाहीत, वसाहतीसाठी जमिनी गेल्या त्या घरांतली म्हातारी माणसं कुणी चितारली नाहीत. आमच्या कुंडलिका नदीचंच घ्या. मुळशी धरणाखाली गावं बुडाली. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानेही ती वाचली नाहीत. १९२७ पासून त्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत उतरतं आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून आमच्या कारखान्यांपर्यंत येतं. म्हणजे आमची नोकरी, आमचा नळ, सगळं कुणाच्या तरी बुडालेल्या घराशी जोडलेलं आहे. धाटावच्या पोराला हे दाखवायला मला एक चित्र सापडत नाही, आणि याचा मला राग येतो.

पैसा नाही, असं कुणी सांगू नये. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात, आणि त्या कायद्याच्या यादीत कला आणि वारसा स्पष्ट लिहिलेत. बाकं, वॉटर कूलर, छत्र्या जरूर वाटा. सोबत एक कलादालन बांधा. मोठं नको, शाळेच्या दोन वर्गांएवढं चालेल. आणि उद्घाटनाची कोनशिला हीच त्यातली एकमेव कलाकृती ठरू देऊ नका.

दालन होईपर्यंत निदान भिंत द्या. करमरकर पोरसवदा असताना त्यांनी सासवण्याच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते चित्र पाहिलं आणि पोराला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. कारखान्यांच्या कुंपणभिंतींवर आमच्याकडे 'प्रवेश बंद' आणि 'येथे लघवी करू नये' एवढंच लिहिलेलं असतं. त्यातली रस्त्याकडची एक भिंत चुना मारून आमच्या शाळेतल्या पोरांच्या हवाली करा. रंगाचे डबे मी आणतो.