तपासलं ना? मग झालं!

लिनक्सच्या कर्नेलमध्ये काम सुरळीत झालं की फंक्शन बहुधा शून्य परत करतं. बिघडलं तर उणे आकडा: -12 म्हणजे मेमरी नाही, -22 म्हणजे तुम्ही दिलेलं काहीतरी चुकीचं आहे. हा आकडा तपासायला विसरलात की रिव्ह्यूमध्ये तुमची धडगत नाही. ‘रिटर्न व्हॅल्यू कुठे तपासली?’ हे विचारायला फारसं डोकं लागत नाही आणि विचारणारा मात्र दक्ष दिसतो. प्रश्न लोकप्रिय आहे तो उगाच नाही.

2003च्या नोव्हेंबरात कुणा भामट्याने कर्नेलला चोरदरवाजा बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यानेही वेष घेतला तो तपासणीचाच. कर्नेलचा कोड तेव्हा बिटकीपर या प्रणालीच्या अधिकृत साठ्यात असे आणि त्याची एक प्रत सीव्हीएस या दुसऱ्या प्रणालीत ठेवलेली असे. तिच्यात घुसून त्याने वेट-फोर या फंक्शनमध्ये दोन ओळी घातल्या. वाचायला अगदी सज्जन: सहसा कुणी एकत्र देणार नाही असे दोन पर्याय आले आणि मागणारा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, असेल, तर -22 परत करा. फक्त ‘असेल का’ विचारायला बरोबरची दोन चिन्हं लागतात, तिथे एकच होतं. म्हणजे प्रश्न विचारलाच जात नव्हता. मागणाऱ्याला परस्पर रूट करून टाकलं जात होतं. वर शून्य बसवल्यामुळे अट खोटी ठरायची, त्यामुळे ते -22 कधी बाहेरच पडलं नसतं. हे पकडलं कुणी? कोड वाचणाऱ्या डोळ्यांनी नव्हे. मूळ साठ्यात या बदलाची नोंद नव्हती, हिशेब जुळेना, म्हणून सापडलं. भामटा कोण, ते आजवर उघड झालेलं नाही.

2009 मध्ये तर भामट्याचीही गरज लागली नाही. टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे रिकामा, आहे का, हे नंतर तपासलं होतं. जीसीसी कंपायलरने सरळ विचार केला: वापरलात, म्हणजे नल नसणारच, मग ही तपासणी कशाला? टाकली काढून. हल्लेखोराला रूटपर्यंत वाट मोकळी. रिव्ह्यू करणाऱ्याला तपासणी दिसत होती, चालणाऱ्या कर्नेलमध्ये ती नव्हतीच. मग कर्नेल बांधताना कंपायलरला बजावण्यात आलं की आमच्या नलच्या तपासण्यांना हात लावू नकोस. बैल गेला नि झोपा केला.

मेमरीची गोष्ट याहून मजेशीर. मेमरी देणाऱ्या के-मॅलॉक या फंक्शनने नकार दिला तर काय, हे लिहिल्याशिवाय पॅच पुढे सरकत नाही. आणि कर्नेल? 8 पानांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 32 केबीपर्यंतच्या मागणीला तो सहसा नाही म्हणतच नाही. थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, अगदीच वेळ आली तर एखादी प्रोसेस मारून जागा करतो. 2014च्या अखेरीस यावर कर्नेलवाल्यांत बरीच चर्चा झाली. नकार द्यायला सुरुवात करावी, तर आजवर कधीच न चाललेला सफाईचा कोड एकदम जागा होणार, ही धास्ती! म्हणजे वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी अडवणूक केली, त्या कोडवर भरवसा खुद्द अडवणाऱ्यांचाही नव्हता.

उलट कर्नेलवाल्यांपैकीच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2019च्या सुमारास डीबगिंगच्या फाइली बनवणाऱ्या डीबगएफएसभोवतीच्या तपासण्या शोधशोधून काढून टाकल्या. डीबगिंगची फाइल तयार झाली काय, न झाली काय, ड्रायव्हरने आपलं काम करावं. उत्तराकडे बघूच नये. मला तरी या सगळ्यात हाच गृहस्थ शहाणा वाटतो. निदान चुकलं तर पुढे काय करायचं, याचा विचार त्याने केला होता.

मेमरी मुद्दाम नाकारून बघायची सोय कर्नेलमध्ये आहे, फेलस्लॅब नावाची. तेव्हा रिव्ह्यूवाल्यांनो, ‘तपासलं का’ हे विचारून झालं असेल, तर ‘ती तपासणी एकदा तरी चालवून पाहिली का’ हेही विचारा.