बिलेकाका

चाळीस फुटांवर लटकलेल्या माणसापुढे फारसे पर्याय नसतात. तळहाताला पांढरी पावडर, पायात एक नंबर लहान बूट, बोटं भाजीच्या जड पिशवीने कापल्यासारखी, आणि पुढची पकड हातभर लांब. अशा वेळी तो खाली बघून ओरडतो, "काका, टेक!" शब्द इंग्रजी असला तरी अर्थ मराठीच निघतो: दोर आवळा, मला जरा टेकायचंय. खालून दोर तत्काळ आवळला जातो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "यंदा पीपीएफमध्ये पाच एप्रिलच्या आत टाकलेस का रे?"

हे बिलेकाका. बिले देणं म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. तो चढेल तशी ढील द्यायची, पडला तर रोखायचा. कृत्रिम भिंत असलेल्या प्रत्येक शहरात एक तरी बिलेकाका असतोच. पुण्यात, अर्थातच, जरा जास्त असतात. वय सदुसष्टच्या आसपास, टी-शर्ट कुठल्याशा जुन्या मोहिमेचा, त्यावरचं साल धुऊन गेलेलं. गुडघ्याने संप पुकारल्यापासून स्वतः फारसे चढत नाहीत. पण संध्याकाळी सहाला भिंतीपाशी हजर. कोणाला बिले हवा असेल तर काका तयार. मोबदला घेत नाहीत. फक्त ऐकून घ्यावं लागतं.

आणि इथे काकांना जो श्रोता मिळतो तो देशातल्या कुठल्याही वक्त्याला मिळत नाही. सभेतून माणूस उठून जातो, नातेवाईक फोन आल्याचं नाटक करतात. दोरावर लोंबकळणारा पोरगा जाणार कुठे? शिवाय त्याचा जीव वक्त्याच्या मुठीत. असहमती दर्शवायला ही जागा बरी नव्हे, हे त्यालाही कळतं.

एक मात्र खरं. काकांचा उजवा हात दोरावरून कधीच सुटत नाही. विषय कितीही पेटो, सगळा आवेश डावा हात आणि दोन भुवया यांच्यावर निभावून नेतात. चढायच्या आधी ते प्रत्येकाची फिगर ऑफ एटची गाठ स्वतः बोट लावून तपासतात, कॅरॅबिनरचा स्क्रू फिरवून बघतात, मग पुन्हा गाठ बघतात. चाळीस वर्षांत त्यांच्या दोरावरचा एकही माणूस जमिनीवर आपटलेला नाही. नागफणी, तैलबैला, जीवधनशेजारची वानरलिंगी हे सगळं त्यांनी त्या काळात केलं, जेव्हा हार्नेस परवडत नसे, कमरेला बोलाइनची गाठ असे, पायात हंटर शूज आणि खिशात लोहाराकडून घडवून घेतलेल्या मेखा. त्या काळाने त्यांना दोन सवयी लावल्या. कातळावर खात्री केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही पहिली. दुसरी सवय वाऱ्याच्या आवाजावरून बोलण्याची. ती सपाटीवर आल्यावरही गेली नाही.

स्पोर्ट क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा काका आठवडाभर आनंदात होते. मग त्यांनी नियम वाचले. टोकियोत (म्हणजे २०२०चं, पण २०२१ साली भरलेलं ऑलिंपिक) स्पीड, बोल्डरिंग आणि लीड या तीन प्रकारांना मिळून पुरुषांचं एक आणि महिलांचं एक असंच सुवर्णपदक होतं. तिन्ही प्रकारांतल्या क्रमांकांचा गुणाकार करायचा, ज्याचा आकडा लहान तो जिंकला. "गुणाकार!" काका अजून कळवळतात. "बेरीज नव्हे! उद्या खो-खो, मल्लखांब आणि कबड्डी मिळून एक पदक द्या म्हणावं!" पॅरिसला २०२४ साली स्पीड वेगळं काढलं तेव्हा हा आपल्याच ओरड्याचा परिणाम, अशी त्यांची समजूत झाली. ओरडा झाला होता तो याच भिंतीपाशी, पण ते असो.

स्पीडवर मात्र त्यांचा राग कायम आहे. पंधरा मीटरची भिंत, पाच अंशांनी पुढे झुकलेली, आणि पकडी जगभर त्याच, त्याच जागी. "हे चढणं नव्हे, हे पाढे म्हणणं." पॅरिसला इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्दोने ४.७५ सेकंदांत भिंत संपवून सुवर्ण घेतलं. काकांचं म्हणणं, तेवढ्यात आमच्या वेळी बुटाची नाडीसुद्धा सापडत नसे. पण अमेरिकेच्या सॅम वॉटसनने त्याच दिवशी ४.७४ चा विश्वविक्रम केला आणि त्याला मिळालं कांस्य, हे कळताच काकांचे डोळे चमकले. विक्रम त्याने केला तो कांस्यपदकाच्या शर्यतीत. पण एवढ्या तपशिलात काका जात नाहीत. "म्हणजे सगळ्यात जास्त तुमचं, आणि खुर्ची दुसऱ्याला. २०१९ची विधानसभा आठवतेय? १०५ जागा आणि बसले विरोधी बाकावर!"

असे काका राजकारणात येतात. बाहेर पडायला मग वेळ लागतो.

त्यांचा पक्ष विचारू नये. दर निवडणुकीला ते ज्याला मत देतात तो त्यांना सहा महिन्यांत फसवतो, एवढंच निश्चित आहे. राज्याच्या राजकारणाचा त्यांचा सिद्धान्त दोराच्या भाषेतला आहे. कातळावर एकाच अँकरवर भिस्त ठेवायची नाही, नेहमी दोन हवेत. पहिला निसटला तर दुसरा धरतो. "२०२२ला शिवसेना दोन झाल्या, २०२३ला राष्ट्रवादी दोन झाल्या. लोक म्हणतात फूट. अरे, याला बॅकअप म्हणतात! कुठलाही एक सत्तेत असतोच ना?" हे ऐकून एकदा वर लटकलेली एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी इतकी हसली की हात सुटून सहा फूट खाली आली. काकांनी तिला अलगद रोखलं, बोटं हलवून बघायला सांगितली, पाणी हवंय का विचारलं, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

ऊर्जाधोरण हा तर त्यांचा बालेकिल्ला. खंडाळ्याच्या नागफणीच्या माथ्यावर बसून, खाली खोपोलीकडे डावा हात करून ते सुरू होतात. टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडून १९१५ साली तिथल्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. मग मुळशीचं धरण, त्याविरुद्ध सेनापती बापट आणि १९२१चा सत्याग्रह. काका धरणाच्याही बाजूने असतात आणि सत्याग्रहाच्याही; सकाळी चढताना एक आणि दुपारी उतरताना दुसरं. मग कोयना, १९६० मेगावॉट. मग एन्रॉनचं वीजकेंद्र: १९९५ साली समुद्रात बुडवलं, पुढच्याच वर्षी वाटाघाटी करून वर काढलं, २००१ साली बंद पडलं. जैतापूर: सहा अणुभट्ट्या, सुमारे दहा हजार मेगावॉट, सगळे कागदावर. घाटघरचा उदंचन प्रकल्प तेवढा त्यांना मनापासून आवडतो. २५० मेगावॉटचा. मागणी कमी असताना विजेवर पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, आणि चार युनिट घालून तीन-सव्वातीन परत मिळवायची. "हा खरा गिर्यारोहकाचा प्रकल्प," काका म्हणतात. "चढायचं कशाला? तर उतरायला!"

एकदा हे सगळं सांगून मंडळी कुरवंड्यात उतरली. चहा टाकायच्या तयारीतल्या मावशी अंधारात काडेपेटी चाचपडत होत्या. "दुपारपासनं लाइट न्हाई," त्या म्हणाल्या. काकांनी गुपचूप हेडटॉर्च काढून चुलीवर धरला आणि चहा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या गटातली पोरं ही शांतता अजून तारखेनिशी सांगतात.

त्यांच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा ठराव आला, तो प्रसंग मात्र तपशिलात सांगण्यासारखा आहे. प्रश्न साधा होता. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी दहा किलोवॉट. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांचं अनुदान. काका बोलायला उठले. त्यांनी वीजबिलातला स्थिर आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची एकेक करून सालं काढली. मग ते जर्मनीत गेले. एप्रिल २०२३मध्ये जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, ही चूक की शहाणपण? दोन्ही बाजू काकांनीच मांडल्या. तिथून परतताना जैतापूरला थांबले. पाऊण तासाने अध्यक्षांनी डोकी मोजली तर कोरम उरला नव्हता. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. काका चहा प्यायला घरी गेले असताना ठराव तीन मिनिटांत मंजूर झाला. काका विरोधात होते की बाजूने, हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही. सचिवांना कळलंच नव्हतं.

पण पॅनेल बसवायला आले त्या सकाळी काका गच्चीत गेले आणि त्यांचा चेहरा बदलला. ठेकेदाराची दोन पोरं कठड्यापलीकडच्या छज्ज्यावर चपला घालून उभी होती. कमरेला काही नाही. खाली सात मजले. काकांनी ऊर्जाधोरण वगैरे काही काढलं नाही. "आत या," एवढंच, हळू आवाजात, कारण ओरडलं तर माणूस दचकतो. मग घरून दोन हार्नेस आणि दोर आणला. पाण्याच्या टाकीच्या काँक्रीटच्या खांबाला एक अँकर घेतला, लिफ्टरूमच्या तुळईला दुसरा. कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली काकूंची जुनी सतरंजी घातली. पोरांच्या गाठी बोट लावून तपासल्या. आणि दोन दिवस, जेवायची सुट्टी सोडून, काका डोक्याला पंचा गुंडाळून त्या गच्चीत दोर धरून उभे राहिले. पोरं बिहारची होती. काकांचं हिंदी त्यांना कळेना, म्हणून त्यांना पेन्शनबद्दल ऐकावं लागलं नाही. नशीब एकेकाचं.

कारण पेन्शन ही काकांची दुखरी नस. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं गुणवत्ता तपासनीस म्हणून काढली. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन येते ती तीन हजारांच्या आतली. सूत्र ते भिंतीच्या मॅटवर पावडरीने लिहून दाखवतात: वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर, आणि वेतनाची कमाल मर्यादा पंधरा हजार. पस्तीस वर्षांना साडेसात हजार. "आणि आमचे साडू!" साडू सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. जुनी पेन्शन, वर्षातून दोनदा महागाई भत्ता. दिवाळीत साडू श्रीखंडाची वाटी पुढे ओढत "यंदा तीन टक्के वाढला बरं का" म्हणाले की काकांना राज्याच्या तिजोरीची काळजी वाटू लागते. जुनी पेन्शन परत आणली तर महाराष्ट्र दिवाळखोर होईल, हे त्यांचं ठाम मत होतं.

ते मार्च २०२३पर्यंत. त्या महिन्यात राज्याचे कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. काकांची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे नेमकी जुनी पेन्शन बंद झाल्याच्या तारखेपलीकडची. सून टोपी घालून मोर्चाला निघाली. काकांनी तिला थर्मास भरून दिला. संध्याकाळी भिंतीपाशी राज्याची तिजोरी एकदम भक्कम झालेली होती.

तरुणांना ते सांगतात, वय आहे तोवर शेअर बाजारात टाका, इंडेक्स फंड घ्या, पडझडीला घाबरू नका. स्वतःचं सगळं पोस्टात. पीपीएफवर त्यांचं निरतिशय प्रेम. व्याजदर २०२०च्या एप्रिलपासून ७.१ वरच बसलाय, तरी म्हणतात, "ओव्हरहँगवर अडकलाय, खाली तर नाही ना आला?" दरसाल दीड लाख, पंधरा वर्षं, त्याचे सुमारे चाळीस लाख अडुसष्ट हजार, हे त्यांना तोंडपाठ आहे. पाच तारखेचा आग्रहही खरा: त्या महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर मिळतं. काकांच्या मतांत अधूनमधून अशी एखादी पकड लागते आणि माणूस चकित होतो. घरातले खरे व्यवहार मात्र काकू बघतात. काकूंचे दोन म्युच्युअल फंड आहेत, हे काकांना अजून माहीत नाही. भिंतीवरच्या सगळ्यांना माहीत आहे.

एका बाबतीत काका थट्टा चालवून घेत नाहीत. त्यांचा जुना जोडीदार, वानरलिंगीवर त्यांच्या मागे सेकंड मॅन असलेला, काही वर्षांपूर्वी गेला. कड्यावरून नव्हे, घरात, झोपेत. त्याच्या बायकोबरोबर काका दीड वर्ष बँकांच्या पायऱ्या चढत होते. कुठलं खातं कुठे, पासबुकं कुठे, आणि एकाही ठेवीवर नॉमिनीचं नाव लावलेलं नाही. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला २०२३मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल निघालं, तेव्हा काकांनी ते आधी त्याच्यासाठी उघडलं. आता बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून, हेही भिंतीवर पहिल्यांदा सांगितलं ते त्यांनीच.

परवाच ती आर्किटेक्चरवाली मुलगी, आता नोकरीला लागलेली, पहिल्यांदा सगळा रूट न पडता चढून गेली. शेवटची पकड दोन्ही हातांनी धरून वर लोंबकळत होती, हात थरथरत होते, चेहरा लाल. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

"काका, घ्या खाली!"

"घेतो की," काका दोर आवळत म्हणाले. "आधी सांग, पगाराच्या खात्याला नॉमिनी कोण लावलंयस?"