बोरी बुद्रुकला खासगी जेटनं जाताना

बोरी बुद्रुकला खासगी विमानानं जायचं ज्यांनी पक्कं केलं आहे, त्यांनी आधी एक किरकोळ अडचण पचवावी: जुन्नर तालुक्यात विमानतळ नाही. म्हणजे उतरायचं पुण्यात, लोहगावला. तो हवाई दलाचा तळ असल्यामुळे आपल्या सोयीची वेळ मिळेलच असं धरू नये.

विमान ठरवताना कंपनीकडे डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड परमिट आहे का, हे खुर्च्यांच्या चामड्याआधी विचारावं. भाडं तासावर असतं. आपल्याला सोडून विमान मुंबईला रिकामं परतलं, तरी त्या फेरीचे पैसे आपणच मोजायचे. वऱ्हाडाची बस ठरवलेल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. वर 18 टक्के जीएसटी. एवढं करून मुंबई-पुणे हवेतला प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. पुढे बोरीकडे जाताना नारायणगावपर्यंत रस्त्यानं सुमारे 75 किलोमीटर, आणि वाटेत चाकण. तिथल्या कोंडीत जेटवाला आणि टोमॅटोचा टेम्पोवाला शेजारीशेजारीच उभे राहतात.

आता पोहोचल्यावर काय बघायचं? आधी स्थापत्य. तालुक्यात दोनशेच्या आसपास लेणी आहेत, पण वेळ काढावा तो जुन्नरच्या पश्चिमेकडच्या तुळजा लेण्यासाठी. चैत्यगृह म्हटलं की लांबट, मागे अर्धगोल दालन डोळ्यांसमोर येतं. इथलं चक्क गोल: मध्ये स्तूप, भोवती 12 अष्टकोनी खांब, वर घुमटाकार छत, आणि हे सगळं एकाच कातळात, दोन हजार वर्षांपूर्वी. वीट रचायची नाही, नको तो दगड काढून टाकायचा. छिन्नी चुकली तर खांब पुन्हा उभा करायची सोय नाही. जुन्नरच्या शिलालेखांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचीही नावं आहेत. त्यातल्या इरिलानं पाण्याची टाकी दान दिली. तो कशानं आला असेल, याची चौकशी जेटवाल्यांनी करू नये.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीची लेणी बघायला मात्र चढावंच लागतं. दमलेल्यांना डोली मिळते. तिला परमिट लागत नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, काही तिथं आणि बाकीच्या आसपासच्या गावांत पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या रचनेत भक्कम पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. तिथं मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणजे जेटचा फोटो टाकण्याचं काम आधीच उरकावं.

बोरीत कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या टोबाची, म्हणजे हजारो किलोमीटरवरून हवेतून थेट बोरीत उतरलेली. ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या थराजवळ अश्मयुगीन दगडी हत्यारंही सापडली. राख खिशात भरून नेऊ नये. अभ्यासकांना अजून ती हवी आहे.

पैसे वाचवायचेच असतील, तर 28 फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदचं प्रदर्शन बघायला पोरांना घेऊन जा. नारायणगावपर्यंत एसटी जाते.